साल्हेरची वाट

दिवाळीच्या सुटीपूर्वीं दहावीच्या नऊ मुलांस घेऊन आम्ही बागलाणांतील साल्हेर चढलों. ५,१४१ फूट उंचीचा हा गड महाराष्ट्रांतील सर्वांत उंच किल्ला होय. महाराष्ट्राच्या सह्याद्रींत त्याहून उंच एक कळसूबाईच.

साल्हेरवाडीहून पहाटे निघालों. पावसाळा नुकताच सरलेला. उतारावर सोनकीचीं पिवळीं फुलें दाटलीं होतीं. पुढें कातळांत खोदलेल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे लागतात. चाळिशी उलटलेल्या आमच्या गुडघ्यांचें वर्णन येथें न केलेलेंच बरें.

सन १६७१ त शिवाजीमहाराजांनीं हा गड घेतला. पुढल्याच वर्षीं पायथ्याशीं मराठ्यांनीं उघड्या मैदानांत मोगलांचा मोठा पराभव केला. सूर्याजी काकडे त्याच रणांत पडले. मुलांस लढाईचीच गोडी! आम्हांस मात्र वाटेचें महत्त्व अधिक वाटतें. सुरतेहून दक्षिणेंत येणारा व्यापार बागलाणांतून जाई, म्हणूनच या उंच खडकासाठीं एवढें रक्त सांडलें. २०२५ सालीं युनेस्कोनें ज्या बारा किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत साल्हेरही आहे.

माथ्यावरून सालोटा, मुल्हेर, मांगी-तुंगी हीं शिखरें स्पष्ट दिसलीं. पश्चिमेस डांगचें रान निळसर पसरलें होतें. १ मे १९६० पासून तें गुजरातेंत आहे. "सीमा कोठें?" असें मुलांनीं विचारलें. सर्वांनीं डोळे ताणले. रानामागें रानच दिसलें. आमच्या वसतिगृहांतील एक मुलगा त्याच बाजूचा. त्यानें एका टेकडीकडे बोट करून म्हटलें, "त्याच्या मागें आमचें घर." त्याचे आईवडील दरवर्षीं दिवाळीनंतर ऊसतोडीस दक्षिण गुजरातेंत जातात. यंदा मुलालाही टोळीबरोबर न्यावयाचें, असा निरोप आला होता. वडिलांस काय लिहावें, हें आमचें ठरेना. त्यांची अडचण खोटी नव्हती.

शिखरावर परशुरामाच्या पादुका आहेत. सारी पृथ्वी दान दिल्यावर येथूनच बाण सोडून त्यानें समुद्राकडून कोंकणची भूमि मागितली, ही दंतकथा आम्हीं सांगितली. तो मुलगा म्हणाला, "सर, ज्यानें सगळी जमीन दिली त्यालाच राहावयास जागा नव्हती?" बाकीचे हंसले. आम्हांस हंसूं आलें नाहीं.

उतरतांना तो आमच्या पुढें होता. निसरड्या पायरीवर थांबून हात देई. शेवटच्या दरवाजाशीं त्यानें विचारलें, "परीक्षेचा अर्ज कधींपर्यंत भरतां येतो?" आम्हीं तारीख सांगितली. त्यानें ती दोनदां म्हणून घेतली.