रोलर

ब्रश पोटात काही ठेवत नाही. चित्रकार चिडलेला होता, घाईत होता की त्याचा हात थरथरत होता, हे एकेका फटकाऱ्यातून कळतं. रोलर तसा नाही. त्याला पोटात ठेवता येतं.

हा मूळचा कष्टकरी. छापखान्यात शाई पसरायची, दिवाळीआधी रंगाऱ्याबरोबर घरोघर जाऊन भिंती एकसारख्या करायच्या. चित्रकलेच्या घराण्यात त्याला ब्रशाचा मान कधीच नव्हता. तो दिला चित्रकार वासुदेव गायतोंड्यांनी. १९४८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पदविका घेतलेले गायतोंडे आधी माणसं काढत, पॉल क्लेच्या रेषेवर त्यांचा जीव होता. मग माणसं गेली, रेषा विरघळत गेली, आणि रोलर आणि पॅलेट नाइफ हातात आले.

भिंतीवर सगळं झाकणारा हा गडी कॅनव्हासवर मात्र झाकता झाकता थोडं उघडं ठेवायला शिकला. पातळ रंगाचा थर, त्यावर दुसरा. मध्येच कागदाचे फाटके तुकडे ठेवायचे, त्यावरून बेताबेतानं फिरायचं; तुकडे उचलले की खूण उरते. म्हणून गायतोंड्यांचा पिवळा नुसता पिवळा नसतो. त्याच्या आत गेरू असतो, त्याच्याही आत काहीतरी काळसर, आणि आपण बघत राहिलो की ते हळूहळू वर येतं. दुःख आहे का ते? मला तरी तसं वाटतं. पण चित्रात रडणारं कोणी नाही, पडकं घर नाही, बोट ठेवायला जागाच नाही. आकार म्हणावेत तर पाण्यात बुडत चाललेल्या अक्षरांसारखे. गायतोंडे स्वतः ‘अमूर्त’ हा शब्द नाकारत, ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणत. वर्षाकाठी मोजकीच चित्रं होत. बाकीचा वेळ विचारात आणि वाट पाहण्यात जाई. तेवढा वेळ रोलरही कोरडाच.

रोलर फिरवायला खांदा लागतो, अंगाचं वजन लागतं. १९८४ साली दिल्लीत गायतोंड्यांना अपघात झाला, मोठे कॅनव्हास थांबले. पुढची काही वर्षं कागदावर शाईची छोटी रेखाटनं तेवढी झाली. सुंदर आहेत ती. पण बघताना मला रोलरची उणीव जाणवते, घरातलं कमी बोलणारं माणूस गावाला गेल्यावर जाणवते तशी.