शरणपूर ते रबाई

नाशिकहून शुभवर्तमान घेऊन आफ्रिकेला जाणारी मी पहिली नव्हे. १८६४ साली इथल्या शरणपूर वसाहतीतून विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तीन तरुण समुद्र ओलांडून मोंबासाजवळच्या रबाई गावी गेले. तिघेही जन्माने आफ्रिकी. हिंदी महासागरात गुलामांची ने-आण करणारी अरबी गलबतं ब्रिटिश आरमार पकडत असे आणि त्यांतली सुटका झालेली मुलं मुंबईला उतरवत असे. आईबापांचा पत्ता नाही, गावाचं नाव धड आठवत नाही, अशी ही लेकरं मिशनच्या हवाली होत. त्यांतली कितीतरी नाशिकला आली. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसवलेल्या शरणपुरात ती वाढली. लिहायला-वाचायला, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली, आणि तिथेच त्यांचा ख्रिस्ताशी परिचय झाला.

आज शरणपूर रोड म्हटलं की नाशिककरांना दुकानं, दवाखाने आणि सिग्नलवरची गर्दी आठवते. मी त्याच रस्त्याने शाळेत गेले, तिथल्याच चर्चमध्ये रविवारच्या शाळेत बसले, पुढे नर्सिंग शिकून रुग्णालयात नोकरीला लागले. तरीही या मुलांविषयी मला पहिल्यांदा सांगितलं ते आमच्या पाळकसाहेबांनी, मोंबासाच्या एका मंडळीकडून आमच्या तरुण संघाला आमंत्रण आलं तेव्हा. “तिकडे काय बोलायचं ते नंतर ठरवू,” ते म्हणाले, “आधी आपल्या अगोदर कोण गेलं ते वाचा.” त्यामुळे आमची तयारी दोन वह्यांत झाली. एका वहीत लूकच्या चौथ्या अध्यायाचा अभ्यास, दुसरीत शरणपूरचा इतिहास.

बाकीची तयारी कोणत्याही पहिल्या परदेशवारीसारखीच. नवा पासपोर्ट, केनियाची ऑनलाइन प्रवास परवानगी, आणि पीतज्वराची लस. ती निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचं पिवळं कार्ड भारतात परतताना विमानतळावर दाखवावं लागतं. आईने चिवडा आणि तिळाची चटणी बांधून दिली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मंडळी घरी जमली, प्रार्थना झाली, टिळकांची भजनं झाली. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर नाशिकजवळचं जलालपूर, त्यामुळे आमच्याकडे ती भजनं घरच्या माणसाची म्हणूनच गातात.

मुंबईहून नैरोबीला विमान साधारण सहा तासांत पोहोचतं. १८६६ च्या जानेवारीत डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईहून झांझिबारला गेले, तेव्हा त्यांच्या जहाजाला तेवीस दिवस लागले होते. त्याच जहाजावर शरणपूरच्या शाळेतली नऊ मुलं होती. खिडकीतून खाली निळंशार पाणी दिसत होतं आणि मनात सारखं येत होतं, की या मुलांनी हा समुद्र आधी एकदा गलबताच्या तळाशी बसून पार केला होता. त्याच पाण्यावरून उलट दिशेने, स्वतःच्या पायांनी जहाज चढून जाताना त्यांना काय वाटलं असेल? माझी भीती त्यापुढे फारच लहान होती.

नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे सतराशे मीटर उंचीवर आहे. पहाटे चांगलीच थंडी वाजली. तिथून मोंबासाला आम्ही २०१७ साली सुरू झालेल्या नव्या रेल्वेने गेलो. सुमारे ४८० किलोमीटरचा हा प्रवास पाच तासांचा. वाटेत त्सावोचं राष्ट्रीय उद्यान लागतं. तिथली माती तांबडी आहे आणि तीच अंगावर उडवून घेतलेले हत्तीही तांबडे दिसतात. जवळूनच जुना मीटरगेज मार्ग जातो. १८९६ ते १९०१ या काळात तो बांधायला भारतातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले होते. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. शेजारच्या बाकावरच्या केनियन शिक्षिकेने मला ही गोष्ट सांगितली आणि म्हणाली, “तुमच्या लोकांच्या घामावर आमची गाडी धावली.” मग तिने विचारलं, “तुम्ही कशासाठी आलात?” मी म्हणाले, “येशूविषयी सांगायला, आणि तुमच्याकडून ऐकायलाही.” ती हसली आणि पिशवीतून तिचं पवित्र शास्त्र काढून दाखवलं. केनियात ख्रिस्ती लोक बहुसंख्य आहेत. आम्ही जिथे निघालो होतो तिथे ख्रिस्त आमच्या कितीतरी आधी पोहोचला होता.

मोंबासात उतरल्यावर हवा एकदम दमट झाली. हे शहर एका बेटावर आहे. एका टोकाला पोर्तुगीजांनी १५९३ साली बांधायला घेतलेला फोर्ट जीझस, मागे जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्या, नक्षीदार लाकडी दारं, मशिदींतून येणारी अजान. १९०५ सालचं अँग्लिकन मेमोरियल कॅथेड्रलसुद्धा घुमटाचं, अरबी वळणाचं आहे. नाश्त्याला आमच्यापुढे महाम्री, म्हणजे गोडसर तळलेली पोळी, आणि नारळाच्या दुधातल्या तुरी आल्या. ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी खाऊन वाढलेल्या मला ती वाटी लगेच आपलीशी वाटली.

न्याली पुलावरून बेटाबाहेर पडलं की फ्रेरेटाउन लागतं. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले सर बार्टल फ्रेरे १८७३ साली झांझिबारला गेले. त्याच वर्षी सुलतानाने करार करून गुलामांचा बाजार बंद केला. सुटलेल्या माणसांना राहायला जागा हवी होती. त्यासाठी शरणपूरवाले प्राइस १८७४ साली मोंबासाला आले आणि त्यांनी ही वस्ती उभी केली. हात दिले ते नाशिकहून आलेल्या आफ्रिकी ख्रिस्ती कुटुंबांनी. शाळेत शिकवणारे ते, घरं बांधणारे ते, आजाऱ्यांजवळ बसणारेही तेच. केंगेलेनी नाक्यावर आजही घंटेचं स्मारक उभं आहे. गुलाम पकडणाऱ्यांची गलबतं येताना दिसली की ही घंटा वाजवून वस्तीला सावध करत. आज त्या नाक्यावरून मटाटू, म्हणजे छोट्या प्रवासी बस, आणि टुकटुक धावतात. मी तिथे पाळकसाहेबांजवळ उभी राहून मनातल्या मनात त्या घरांची कल्पना करत होते. घंटा ऐकून जीव मुठीत धरून बसणारी ती माणसं सकाळी पुन्हा शाळा उघडत होती.

रविवारची उपासना तीन तासांवर चालली. “ब्वाना असिफिवे”, म्हणजे ‘प्रभूची स्तुती असो’, म्हणत प्रत्येक जण हात हातात घेई. आम्ही आमचा “सलाम” शिकवला, तो मुलांनी लगेच उचलला. दानाच्या वेळी लोक नाचत पुढे येत होते. नारळ, अंडी, एक जिवंत कोंबडीही आली, आणि उपासनेनंतर अंगणात त्या सगळ्याचा लिलाव झाला. आमच्याकडे सुगीच्या उपासनेनंतर होतो तसाच.

मग माझी साक्ष होती. स्वाहिलीत भाषांतर करायला एक तरुण शिक्षक शेजारी उभा होता. मी कोविडच्या काळातल्या वॉर्डाविषयी बोलले. रात्रपाळीत एकामागून एक माणसं जात होती आणि नातेवाइकांना आत येता येत नव्हतं. तोवर विश्वास हा माझ्यासाठी घरातून मिळालेला वारसा होता. त्या रात्री एका आजोबांचा हात हातात घेऊन बसले असताना मी पहिल्यांदा स्वतःची प्रार्थना केली. मागितलं एवढंच, की यांना एकटं वाटू देऊ नकोस. आणि आम्ही दोघंही एकटे नाही, हे मला त्या क्षणी इतकं पक्कं कळलं की त्यानंतर मी ख्रिस्ताविषयी गप्प राहू शकले नाही. मी एवढंच सांगितलं आणि लूकमधल्या त्या उताऱ्यापाशी थांबले, जिथे येशू बंदिवानांच्या सुटकेची घोषणा करतो.

उपासना संपल्यावर पांढरा स्कार्फ बांधलेल्या एक वृद्ध बाई माझ्याकडे आल्या. त्यांच्या घराण्यातले मूळ पुरुष ‘नासिक’हून आले होते, एवढं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. “नासिक कसं आहे?” त्यांनी विचारलं. मी मोबाइलवर गोदावरीचा घाट, द्राक्षबागा आणि आमचं चर्च दाखवलं. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवून स्वाहिलीत आशीर्वाद दिला. मी सांगायला गेले होते. मला आशीर्वाद मिळाला.

पुढचे दिवस घरभेटीचे. महिला मंडळाच्या बायकांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता: आधी बसायचं, घरच्यांची चौकशी करायची, चहा घ्यायचा, विचारलं तरच बोलायचं. शेजारच्या एका मुस्लिम घरातल्या आईने आखातात गेलेल्या मुलाची काळजी सांगितली. आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करू का, असं विचारलं. “करा,” ती म्हणाली, “देवाला सगळ्यांचं ऐकू येतं.” आम्ही येशूच्या नावाने प्रार्थना केली आणि तिने डोळे पुसले. आपला विश्वास न लपवता, समोरच्याचा मान राखून बोलणं हे मी त्या ओसरीवर शिकले.

शेवटी आम्ही रबाईला गेलो. मोंबासापासून वीसेक किलोमीटरवर, नारळीच्या झाडांतून चढत जाणारा रस्ता. जर्मन मिशनरी लुडविग क्राप्फ १८४४ साली मोंबासाला आले. काही महिन्यांतच त्यांची पत्नी आणि नवजात मुलगी तिथे वारल्या. १८४६ साली ते सहकारी मिशनरी योहानेस रेबमान यांच्याबरोबर रबाईला राहायला गेले. रेबमान या किनाऱ्यावर एकोणतीस वर्षं मायदेशी न जाता राहिले आणि तेवढ्या काळात विश्वासात आले ते मोजकेच लोक. अशा ठिकाणी नाशिकचे ते तीन तरुण आले होते.

त्यांतल्या विल्यम जोन्स यांची गोष्ट मी रबाईच्या चर्चसमोर सगळ्यांना वाचून दाखवली. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर यांना डीकनपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी जोन्स बिशपांबरोबर युगांडाच्या वाटेला निघाले. ऑक्टोबरमध्ये बुसोगा भागात बिशप मारले गेले, आणि उरलेल्या तांड्याला शेकडो मैल चालवत रबाईला परत आणलं ते जोन्स यांनी. पुढे मालकांपासून पळालेले गुलाम रबाईत आसरा घ्यायला आले, तेव्हा त्यांनी त्यांना हाकललं नाही. मालक संतापले, मिशनवर दबाव आला. अखेर १ जानेवारी १८८९ रोजी मालकांना मोबदला देऊन सुमारे चौदाशे माणसांना मुक्तीचे कागद मिळाले. लहानपणी स्वतः विकला गेलेला माणूस दुसऱ्यांना मुक्तीच्या दारापर्यंत घेऊन आला. शुभवर्तमानाचा याहून स्पष्ट अर्थ मी कुठे वाचलेला नाही.

परतल्यावर काहींनी विचारलं, “किती जणांनी बाप्तिस्मा घेतला?” या प्रश्नाला माझं उत्तर रेबमान आणि जोन्स यांच्याकडे बोट दाखवतं. एकाने अख्खं तारुण्य दिलं आणि मोजकी माणसं पाहिली. दुसऱ्याने दार उघडं ठेवलं आणि शेकडो आत आली. आमच्यासारख्या पाहुण्यांनी हिशेब मागू नये. आपण साक्ष द्यावी, ऐकावं आणि तिथे रोज राबणाऱ्यांचे हात बळकट करून यावं.

नाशिकच्या आणि महाराष्ट्रातल्या तरुण संघांना माझी विनंती आहे. परदेशी सेवेला जरूर जा, पण निघण्याआधी आपल्या मंडळीच्या जुन्या नोंदवह्या उघडा, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घ्या, जुन्या कबरींवरची पुसट होत चाललेली नावं उतरवून ठेवा. जोन्स, सेमलर आणि डेव्हिड यांची नावं आपल्या रविवारच्या शाळेत शिकवली गेली पाहिजेत. हे काम आपलं आहे, आणि ते याच वर्षी सुरू करता येईल.