डिकीतली स्टेपनी

गाडीच्या पाच टायरांत दिसायला सगळ्यात तरुण हीच. डिकीतलं सामान काढा, मॅट उचला, खालचा पुठ्ठा सरकवा, मग बाईसाहेब दिसतात. मधोमध मोठ्या स्क्रूने जखडलेल्या, पोटात जॅक आणि पाना. नक्षी कोरी करकरीत. साच्यातून निघताना राहिलेले रबराचे बारीक केसही अजून अंगावर.

बाहेरचे चौघे घासत चाललेले. हवा कमी म्हणून कोणी दोन्ही कडांनी, हवा जास्त म्हणून कोणी मध्ये, अलाइनमेंट बिघडली म्हणून कोणी एकाच बाजूने. त्यांच्या खाचांत १.६ मिलिमीटर उंचीचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्याशी समतल झाली की टायर कायद्यानेही बाद. (पावसाळ्यात तिथवर थांबूच नये. खाचांतून पाणी निघेनासं झालं की चाक पाण्यावर तरंगतं आणि स्टिअरिंग नुसतंच फिरतं.)

हिला घासणं माहीत नाही, पण वय चुकत नाही. उन्हात तापणाऱ्या डिकीत पडल्या पडल्या हवेतला ऑक्सिजन रबर कडक करत राहतो, पुढे बाजूला बारीक भेगा पडतात. जन्मतारीख अंगावरच असते. २३१६ असे चार आकडे दिसले तर २०१६ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात आणि नेमके खाली तोंड करून. तिला उचलून उलटी केल्याशिवाय कळत नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या, दहा वर्षांनी नक्षी कितीही असो, काढून टाका, असं कित्येक टायर कंपन्या सांगतात. स्टेपनीलाही त्यातून सूट नाही.

पंपावरचा पोरगा चारही चाकांत हवा भरून "झालं" म्हणतो. डिकी उघडायला सांगणार कोण, आत बॅगा! मग रात्री घाटात चाक बसतं आणि जॅकवरून उतरवताच हीही बसते. काही गाड्यांतली तर अंगानेच बारीक, वर ८०च्या वेगमर्यादेचं स्टिकर. ती पंक्चरवाल्यापर्यंत पोचवायला दिलेली असते, समृद्धीवर पळवायला नव्हे. बाकीच्यांच्याच मापाची असेल, तर टायर फिरवताना हिलाही पाळी द्यावी. तेवढाच तिलाही रस्ता दिसतो.

२०२० सालच्या नियमबदलाने ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती उरली नाही. किट खिळ्याचं भोक बुजवतं. टायर बाजूने फाटला तर उपयोग शून्य.

चार नवे टायर घालताना टायरवाला हिला बाहेर काढतो, थुंकी लावून अंगठ्याने आकडे पुसतो.

"साहेब, ही गाडीएवढीच म्हातारी की!"

"असू दे. एक्स्चेंजला भाव मात्र चांगला लावा हं, एकदाही वापरलेली नाही."