क्वार्ट्झसाईटच्या वाळवंटात छताची डागडुजी

अॅरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरातून आय-१० महामार्गाने पश्चिमेकडे निघालं, की साधारण २०० किलोमीटरवर क्वार्ट्झसाईट नावाचं गाव लागतं. कायम वस्ती जेमतेम अडीच हजार. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पण नोव्हेंबर ते मार्च इथे मोठी जत्रा असते. कॅनडातून आणि अमेरिकेच्या उत्तर भागातून थंडी चुकवायला निघालेली निवृत्त मंडळी आपापली चाकांवरची घरं घेऊन इथे येतात. त्यांना इकडे 'स्नोबर्ड' म्हणतात. सरकारच्या भूमी विभागाने गावाला लागून 'ला पोसा' नावाचा वाळवंटाचा पट्टा त्यांच्यासाठी ठेवला आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अशा पूर्ण हंगामाचा परवाना मिळतो, नाहीतर १४ दिवसांचा. गाडीशेजारी वीज नाही, नळ नाही. आजूबाजूला खडी, काटेरी झुडपं, हात वर करून उभे असलेले सग्वारो निवडुंग आणि रात्री तुडुंब भरलेलं आकाश.

गावात एक पिरॅमिडच्या आकाराची समाधी आहे आणि तिच्या टोकावर धातूचा उंट. अमेरिकी सैन्याने १८५६ च्या सुमारास वाळवंटात सामान वाहण्यासाठी उंट आणून पाहिले. त्यांच्याबरोबर आलेल्या हादजी अलीच्या नावाचा स्थानिक लोकांनी 'हाय जॉली' करून टाकला. उंटांचा प्रयोग बारगळला, माणूस मात्र इथेच राहिला आणि १९०२ मध्ये वारला. आमच्या आईला ही जागा फार आवडली. "इतक्या लांब येऊन राहिला बिचारा," एवढंच म्हणाली आणि हात जोडले.

आम्ही चौघे होतो. मी, बायको आणि सहा महिन्यांसाठी बेळगावहून आलेले आई-बाबा. गाडी आमचीच, दोन वर्षांपूर्वी घेतलेलं २४ फुटी जुनं मोटारहोम. बेत असा होता, की इथून कॅलिफोर्नियाचा किनारा धरून वर ओरेगॉनपर्यंत जायचं. बाबांना पॅसिफिक महासागर बघायचा होता आणि एप्रिलच्या मध्याला त्यांचं परतीचं तिकीट होतं. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर मार्चमध्येही पाऊस मुक्कामालाच असतो. आणि आई-बाबांच्या पलंगावर, छतातल्या झरोक्याशेजारी, तपकिरी डाग दिसू लागला होता. दुरुस्तीवाल्याकडे पाच आठवड्यांनी नंबर लागणार होता. म्हणजे छत आपणच करायचं, नाहीतर प्रवास सोडायचा.

बाबांनी डाग पाहिला आणि म्हणाले, "डांबर मिळतं की नाही इथं?" शहापुरातल्या आमच्या कौलारू घराचं छत दर मे महिन्यात त्यांच्या देखरेखीखाली शाकारलं जायचं. पन्हळीच्या सांध्यांना डांबर हे त्यांचं ठरलेलं औषध. इथे मात्र ते चालणार नव्हतं. सीलंट निवडताना पहिला प्रश्न असतो तो म्हणजे छत कशाचं आहे. आमचं ईपीडीएमचं, म्हणजे प्लायवूडवर चिकटवलेली कृत्रिम रबराची चादर. वरून पांढरी, खालून काळी, जुनी झाली की हाताला खडूसारखी भुकटी लागते. डांबर आणि पेट्रोलियमचे द्रावक या रबराला फुगवतात. टीपीओ दिसायला तसंच, पण प्लॅस्टिकच्या जातीचं, आणि त्याची अशी भुकटी निघत नाही. तिसरं फायबरग्लास, टणक आणि ठोकलं तर वाजणारं.

क्वार्ट्झसाईटच्या तंबूबाजारात रंगीत दगडांपासून जुन्या हत्यारांपर्यंत सगळं मिळतं, तसे सीलंटचेही ढीग होते. नवख्या माणसाचा हात आधी न्हाणीघरात वापरतात त्या सिलिकॉनकडे जातो, कारण ते स्वस्त. पण ते ईपीडीएमला धड धरत नाही आणि त्याचा पातळ थर मागे राहिला, तर त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. आमच्या गाडीच्या आधीच्या मालकाने एका कोपऱ्यात तेच फासलं होतं. प्लॅस्टिकच्या खरवडणीने ते काढण्यात माझी अख्खी सकाळ गेली. धातूची पट्टी वापरली तर रबर फाटतं.

रबराच्या छतासाठी डायकोरसारखं 'लॅप सीलंट' मिळतं. त्याचे दोन प्रकार आहेत. एक आपोआप पसरून सपाट होणारं. झरोके, पाइप आणि स्क्रूची डोकी यांच्याभोवती तेच ओततात. पण उभ्या कडेवर ते ओघळून खाली येतं. तिथे न ओघळणारा प्रकार लागतो. लांब सांध्यांना आणि फाटलेल्या जागेला इटर्नाबाँडसारखी चिकटपट्टी बरी. रबरी रोलरने दाबून बसवली की ती वर्षानुवर्षं टिकते. मात्र एकदा बसली की हलवता येत नाही, म्हणून आधी पेन्सिलने रेघ आखायची. सिकाफ्लेक्ससारखं पॉलियुरेथेन फायबरग्लास आणि धातूला घट्ट धरतं. पण फायबरग्लासला खरोखरच चीर गेली असेल, तर वरून नुसतं सीलंट लावून भागत नाही. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून ती पुढे जाण्यापासून थांबवायची आणि काचेचं कापड व रेझिनने भरून काढायची.

पण कुठलीही ट्यूब उघडण्याआधी पाणी शिरतंय कुठून, ते कळायला हवं. इथे बाबांचं ऐकलं. "गळतं तिथं भोक नसतं. पाणी चालत येतं," ते म्हणाले. लहानपणी शाकारणीच्या वेळी मी माळ्यावर उभा राहून कौलांतून कुठे उजेड दिसतो ते ओरडून सांगायचो. आता गुडघ्यांमुळे बाबा खाली, बॅटरी घेऊन आणि मी छतावर पाण्याचा डबा घेऊन. उताराच्या खालच्या बाजूने सुरुवात, एका वेळी हातभर जागा, मग दहा मिनिटं वाट पाहायची. झरोक्याभोवतीच्या भेगा दिसायला भयंकर, पण वरवरच्या निघाल्या. खरं पाणी मागच्या सांध्यातून, डागापासून दोन फूट अंतरावरून येत होतं. "थांब की! आलं बघ!" बाबा आतून ओरडले तेव्हा शेजारच्या गाडीतले कॅनडाचे आजोबाही बाहेर आले.

तिथलं प्लायवूड मऊ पडलं असतं तर सगळा बेत संपला असता, कारण कुजलेल्या लाकडावर सीलंट म्हणजे नुसतं झाकण. अंगठ्याने, मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दाबून पाहिलं. टणक होतं. सांधा उघडा ठेवून दोन दिवस वाळू दिला, आणि वाळवायला वाळवंटाहून चांगली जागा कुठली! मग साबणपाण्याने धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सांध्यावर पट्टी, पट्टीच्या कडांना आणि झरोक्याभोवती लॅप सीलंट. काम दुपारी केलं. जानेवारीत इथे दिवसा २० अंशांच्या आसपास असतं, पण रात्री एवढी थंडी पडते, की ट्यूबमधून काही बाहेर येत नाही.

ओरेगॉनमध्ये सलग तीन दिवस पाऊस लागला. पहिल्या रात्री बाबा दोनदा उठून छताला हात लावून आले. कोरडं होतं. सकाळी समुद्र धुक्यात होता, तरी ते तासभर छत्री धरून उभे राहिले.

असं छत वर्षातून किमान दोनदा तपासावं लागतं. निघण्याआधी बाबांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सप्टेंबरच्या पानावर 'छत बघणे' असं लिहून ठेवलं आहे. तेव्हा ते बेळगावात असतील. खाली बॅटरी घेऊन उभं राहायला बायको तयार आहे.