ड्रॅक्युलाची डायरी कुठे आहे?

गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत आम्ही दर रविवारी मुलांना 'ड्रॅक्युला'चा मराठी अनुवाद वाचून दाखवत होतो. काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांना ते पटलं नाही. पोरांना बाबासाहेब द्यायचे सोडून भुताखेताच्या गोष्टी कसल्या वाचता, असं त्यांनी तोंडावर विचारलं. प्रश्न रास्त होता. आमचं उत्तर एवढंच होतं की, कोणत्याही गोष्टीतला खलनायक कसा तयार केला जातो हे ज्याला कळलं, त्याला बातमी, पंचनामा आणि पुराण वाचायला वेगळं शिकवावं लागत नाही.

पण आम्हाला स्वतःला ते कितपत कळलं होतं, याची परीक्षा नववीतल्या एका मुलाने घेतली. हा मुलगा आमच्या वस्तीतला नाही. नाल्याच्या पलीकडे पारध्यांची पालं आहेत, तिथून येतो आणि दाराशी बसतो. पुस्तक संपत आलं तेव्हा त्याने विचारलं, "दादा, समद्यांच्या डायऱ्या हायेत. मग ड्रॅक्युलाची कुठंय?"

आम्ही गप्प झालो. हे पुस्तक कॉलेजात असल्यापासून दोनदा वाचलेलं, समाजशास्त्रात एम.ए. केलेलं, पण हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता.

ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. ती सगळी डायऱ्या, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्रातली कात्रणं यांची बनलेली आहे. जोनाथन हार्करची डायरी आहे, मीनाची आहे, डॉ. सेवर्डची आहे, जहाजाच्या कप्तानाचीसुद्धा नोंदवही आहे. फक्त ज्याच्या नावाने पुस्तक ओळखलं जातं, त्याची डायरी नाही. त्याच्याबद्दल जे काही आपल्याला कळतं, ते त्याची शिकार करणाऱ्यांनी लिहून ठेवलेलं आहे.

गॉथिक कादंबरीची ही जुनीच रीत. या प्रकारातली पहिली मानली जाणारी होरेस वॉलपोलची 'द कासल ऑफ ओट्रांटो' १७६४ ची. लेखक इंग्रज, वाचक इंग्रज, पण दुष्ट राजा आणि त्याचा किल्ला इटलीत. ॲन रॅडक्लिफच्या १७९७ च्या कादंबरीचं तर नावच 'द इटालियन'. प्रोटेस्टंट इंग्लंडला कॅथलिक इटलीतला साधू हा सोयीचा खलनायक होता. १८४७ च्या 'वुदरिंग हाइट्स'मधला हीथक्लिफ लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेलं सावळं पोर आहे. कोणी त्याला जिप्सी म्हणतं, कोणी लास्कर. लास्कर म्हणजे जहाजावरचा हिंदी खलाशी, आपल्या कोकण किनाऱ्यावरूनही जाणारा. आणि जिप्सी म्हणवल्या जाणाऱ्या रोमा लोकांची भाषा मूळची हिंदुस्थानातली. म्हणजे इंग्रजांच्या घरातलं ते 'परकं पोर' आपल्या ओळखीचं निघतं.

आता परत ड्रॅक्युलाकडे येऊ. हार्कर त्याला पहिल्यांदा पाहतो तेव्हा काय टिपतो? बाकदार नाक, जुळत आलेल्या भुवया, टोकदार कान. पुढे मीना लोंब्रोसो आणि नॉर्दाऊ यांची नावं घेऊन सांगते की हा गुन्हेगार प्रकारातला माणूस आहे. लोंब्रोसो हा इटालियन डॉक्टर. गुन्हेगार जन्मतःच तसा असतो आणि चेहऱ्यावरून, कवटीवरून ओळखू येतो, असा त्याचा सिद्धांत. त्याचं पुस्तक १८७६ चं. पण 'जन्माने गुन्हेगार' ही कल्पना ब्रिटिश सरकारने त्याच्याही पाच वर्षं आधी, १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टमध्ये, कायदा म्हणून आपल्या देशात लागू केली होती. पुढे तो आपल्या भागातही आला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली सेटलमेंट त्यातूनच उभी राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या. कायदा गेला, नजर राहिली.

त्या काळात लंडनमध्ये काय चाललं होतं तेही पाहायला हवं. १८८१ नंतर रशियन साम्राज्यातल्या हल्ल्यांपासून जीव वाचवत हजारो गरीब ज्यू कुटुंबं तिथे येत होती. पूर्वेकडून येणारे हे लोक रोगराई आणतील, गुन्हे वाढवतील अशी ओरड सुरू होती. त्याच काळात पूर्वेकडून एक काउंट मातीच्या पेट्या घेऊन जहाजाने येतो आणि इंग्रज बायकांचं रक्त नासवतो, ही गोष्ट लिहिली जाते. कादंबरीनंतर आठ वर्षांनी, १९०५ मध्ये, परक्यांना रोखणारा एलियन्स ॲक्ट आला. कादंबरीमुळे कायदा आला असं आम्ही म्हणत नाही. दोघांच्या मुळाशी भीती एकच होती, एवढंच म्हणतो.

आम्ही ड्रॅक्युलाची वकिली करत नाही. तो सरंजामदार आहे, गरिबांची लेकरं पळवणारा आहे. पण मार्क्सने १८६७ मध्येच भांडवलाला रक्तपिपाशाची उपमा दिली होती, मजुराचं रक्त शोषून जगणारं म्हणून. तो रक्तपिपासू लंडनच्या कारखान्यातच बसलेला होता. स्टोकरने त्याला ट्रान्सिल्व्हेनियात नेऊन बसवलं. शोषण करणारा बाहेरचा ठरला की घरातले सगळे आपोआप सज्जन होतात. ड्रॅक्युलाला लंडनजवळचं घर कोणी मिळवून दिलं? इंग्रज वकिलाच्या फर्मनेच, रीतसर कागदपत्रं करून!

आणि एक जागा वाचताना आमच्या घशात आवंढा आला. काउंट हार्करला सांगतो की मला तुमची भाषा अशी शिकायची आहे की लंडनमध्ये कोणी मला परका म्हणून ओळखू नये. कादंबरीत हा त्याचा कावा आहे. पण पुण्यात खोली शोधताना आडनाव सांगायचं टाळणारी, 'न' आणि 'ण' घोकणारी आमची पोरं काय वेगळं करतात? मिसळून जायची धडपड हीसुद्धा ज्याच्या खात्यात गुन्हा म्हणून लिहिली जाते, तो परका. मग तो कोणीही असो.

खलनायकाच्या बाजूने गोष्ट वाचायची रीत आपल्याला नवी नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त राक्षस म्हणजे रक्षण करणारे, असं सांगून पुराणं उलटी वाचली. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये विचारलं की ही माणसं गावाबाहेर का राहतात? वंश वेगळा म्हणून अस्पृश्यता आली, हा सिद्धांत त्यांनी खोडून काढला. माणूस जन्माने बाहेरचा नसतो, त्याला बाहेर ठेवलं जातं.

इथे लेख संपवता आला असता. पण मग आमचीही डायरी हार्करसारखीच झाली असती.

त्या रविवारच्या महिनाभर आधी विहारातला ॲम्प्लिफायर गायब झाला होता. रात्री आठ-दहा जण निघाले ते थेट नाल्यापलीकडे, पालांकडे. आम्हीही सोबत होतो. 'फक्त विचारायला' म्हणून. बॅटऱ्या मारल्या, गाठोडी उघडायला लावली. हा मुलगा तिथेच पालाच्या तोंडाशी उभा होता. दोन दिवसांनी कळलं की ॲम्प्लिफायर मंडळातल्याच एकाने नातेवाइकाच्या हळदीला नेला होता. हसून विषय संपला. पालावर जाऊन कोणी काही सांगितलं नाही. आम्हीही नाही.

जी माणसं काल गावकुसाबाहेर होती, तीच आज नाल्याची रेघ ओढून कुणाला तरी बाहेर ठेवत असतील, तर आपण बाबासाहेब कुठे वाचले? तो मुलगा तरीही अभ्यासिकेत येत राहिला, आणि डायरीचा प्रश्न त्यानेच विचारला.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे पालावर गेलो आणि माफी मागितली. त्याच्या आजीने सगळं ऐकून घेतलं. काही बोलली नाही, चुलीकडे वळली. तिने माफ केलं की नाही ते तिचं तिला ठाऊक. विहाराच्या बैठकीत मात्र आम्ही ठराव मांडला आहे की यापुढे काहीही हरवलं तर आधी आपल्यात विचारायचं आणि कोणाच्याही घराची झडती घ्यायची नाही. ठरावाला विरोध झाला आहे, बैठक पुन्हा बसणार आहे.

अभ्यासिकेत सध्या मेरी शेलीचं १८१८ चं 'फ्रँकेन्स्टाइन' सुरू आहे. त्यात राक्षस स्वतः बोलतो. त्याची पानं तोच मुलगा मोठ्याने वाचतो.

जय भीम!