पाण्याआड

इको करताना उजव्या कर्णिकेकडे मी पूर्वी ओझरतंच बघायचो. सगळं लक्ष डावीकडे. हृदयातली नेहमीची गाठ म्हणजे मिक्सोमा, तीही बहुधा डाव्या कर्णिकेत. पडद्याला देठाने लटकलेली, ठोक्यागणिक झडपेतून डोकावणारी. ती कॅन्सरची नसते. १९५४ साली स्टॉकहोममध्ये सर्जन क्राफोर्डनी ती हार्ट-लंग मशीनवर यशस्वीपणे काढली. आज ती दिसली की, खरं सांगायचं तर, आम्ही खूश होतो.

हृदयातला कॅन्सर, अँजिओसार्कोमा, असा लटकत नाही. तो बहुधा उजव्या कर्णिकेच्या भिंतीतच पसरतो आणि हृदयाभोवती पाणी साठवतो. आपल्याकडे तिथे पाणी दिसलं की तोंडात पहिला शब्द येतो टीबी. बऱ्याचदा तो बरोबरही ठरतो, हीच पंचाईत.

तिशीतला ट्रॅक्टरचालक होता. दम, सुजलेले पाय, हृदयाभोवती पाणी. सुई घातली तर सिरिंजमध्ये काळपट लाल. थेट हृदयात तर शिरलो नाही ना, म्हणून थोडं गॉजवर सोडलं आणि बघत बसलो. गोठलं नाही, नुसतं पसरत गेलं. ताक घुसळून लोणी काढावं तसं ठोक्यांच्या घुसळणीत त्यातलं गोठवणारं फायब्रिन आधीच निघून गेलेलं असतं. म्हणजे सुई बरोबर जागी होती. पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत. अँजिओसार्कोमात त्या पुष्कळदा सापडतच नाहीत, हे पुस्तकात वाचलेलं होतं. तरी मी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू केली.

तीन आठवड्यांत पाणी परत भरलं. या वेळी ते काढून झाल्यावरही प्रोब उचलला नाही. ट्रायकस्पिड झडपेजवळ कर्णिकेची भिंत जाड, खडबडीत, आजूबाजूचं हलतंय आणि ती हलत नाही. जुनी क्लिप उघडली. त्यातही होती, चौकटीच्या कडेला अर्धी कापलेली. तेव्हा मी पाण्याची जाडी मोजत होतो.

सीटीत फुप्फुसांवर ठिपके निघाले, त्यामुळे ऑपरेशनचा विषय संपला. बायोप्सीनंतर केमो. त्यातलं डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूलाच दुखावतं, म्हणून मधूनमधून इको माझ्याकडेच.

जेल गार लागलं की तो अंग चोरतो.

"पाणी न्हाई न्हवं, साहेब?"

"नाही."

"मग बरं हाय की."

मी प्रोब उजवीकडे वळवतो.