स्टेटसमधली जाहिरात आणि आपला हिशेब



व्हॉट्सॲपवर जाहिराती येणार म्हटल्यावर अनेकींनी धसका घेतला. "आता आपलं सगळं बोलणं वाचणार," असंही ऐकू आलं. मी पडले कॉमर्सची. घाबरण्याआधी जमा-खर्च बघायची सवय. तोच आज मांडते.

व्हॉट्सॲप 2009 मध्ये ब्रायन ॲक्टन आणि जान कूम या दोघांनी सुरू केलं. दोघांनीही आधी याहूमध्ये नोकरी केलेली, त्यामुळे जाहिरातींचा धंदा जवळून पाहिलेला. आपल्याकडे जाहिरात नको, हे त्यांनी ठरवलंच होतं आणि 2012 मध्ये तसं जाहीरपणे लिहिलंही. मग खर्च कसा भागवायचा? वापरणाऱ्यांकडून वर्षाला साधारण एक डॉलर घ्यायचा. सरळ व्यवहार!

2014 मध्ये फेसबुकनं ही कंपनी घ्यायचं ठरवलं, सुमारे 19 अब्ज डॉलरला. 2016 मध्ये वर्गणी बंद झाली. आपल्याला आनंद झाला. पण खतावणीत जमेची एक ओळ पुसली की ती दुसरीकडून भरावीच लागते. 2018 पासून व्यापारी कंपन्यांकडून मेसेजचे पैसे घेणं सुरू झालं. तोवर ॲक्टन बाहेर पडले होते, त्याच वर्षी कूमही गेले. शेवटी 16 जून 2025 रोजी जाहिरातींची घोषणा झाली.

आता भीतीचं बघू. या जाहिराती 'अपडेट्स'मध्ये, म्हणजे स्टेटस आणि चॅनेल असतात तिथे दाखवायच्या आहेत. आपल्या खासगी गप्पांमध्ये नाहीत. मेसेज, फोन आणि ग्रुपमधलं बोलणं कुलूपबंदच राहील, असं कंपनी सांगते. जाहिरात निवडायला आपलं शहर, भाषा, आपण कोणती चॅनेल बघतो आणि कोणत्या जाहिरातीवर बोट लावतो, एवढं बघितलं जातं. व्हॉट्सॲप आपण होऊन फेसबुक-इन्स्टाग्रामच्या खात्याशी जोडलं असेल, तर तिथल्या आवडीनिवडीही धरतात. म्हणून मुलाला किंवा सुनेला विचारून ते जोडलंय का, एवढं बघून घ्या.

मला काळजी आहे ती वेगळीच. पेपरातली जाहिरात आपण जाहिरात म्हणूनच वाचतो. स्टेटस मात्र आपल्या माणसांचं असतं. भाचीचं डोहाळजेवण, कुणाची शिखरजीची यात्रा, मंदिरातला अभिषेक. मन मोकळं असतं, सावध नसतं. अशा दोन फोटोंच्या मधे हिऱ्याची अंगठी आली, की तीही घरातलीच वाटू लागते. दुकानात जायला आपल्याला चप्पल तरी घालावी लागते. इथे दुकानच माजघरात येऊन बसतं.

जाहिरात करणारे सगळे वाईट असं मुळीच नाही. घरी पापड, शेवया करणाऱ्या एखाद्या बाईलाही उद्या यातून गिऱ्हाईक मिळेल. तिचा धंदा वाढावा. पण तिनं दाखवलं म्हणून आपल्याला ते हवंच, असं नाही.

आपल्याकडे परिग्रह-परिमाण हे अणुव्रत आहे. त्यातलं शहाणपण मला फार व्यवहारी वाटतं. मर्यादा वस्तू समोर येण्याआधी ठरवायची असते. मोह डोळ्यांपुढे आल्यावर कसलं परिमाण? किती साड्या, किती सोनं हे ठरलेलं असेल तर अंगठी दिसेल आणि सरकून जाईल. ठरलेलं नसेल तर ती मनात घर करेल, आणि वर्षभरानं आपल्यालाच वाटेल की ही इच्छा आपलीच होती.

मी घरात दोन नियम केले आहेत. स्टेटस दिवसातून एकदाच, संध्याकाळच्या जेवणानंतर बघायचं. आणि फोनवर आज दिसलेली वस्तू आज घ्यायची नाही. आठ दिवसांनीही आठवली, तर कपाट उघडून आधी बघायचं. बहुतेक वेळा आठवतच नाही.

वर्गणीचा डॉलर आता कुणी मागत नाही. त्याऐवजी आपली नजर मागतात. डॉलरची पावती तरी मिळायची. नजरेचा हिशेब आपला आपल्यालाच ठेवायला हवा.